प्रश्न केवळ मातृत्वाचा नाही

वयात आलेल्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. चेहऱ्यावर मुरमे उठतात. हनुवटीवर आणि ओठांवर राठ केस दिसू लागतात. वजन वाढते आणि मानेभोवतीची कातडी काळवंडते. मध्यमवर्गीय घरात या पाच तक्रारी पाच वेगवेगळ्या दारी नेल्या जातात. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, केसांसाठी ब्युटी पार्लर, वजनासाठी कुणा ओळखीच्या बाईंनी दिलेली आहाराची झेरॉक्स यादी. आणि मानेचा काळेपणा तर मळच समजला जाऊन वजरीने घासून काढण्याचा प्रयत्न होतो. वस्तुतः या पाचही गोष्टी पुष्कळदा एकाच विकाराची अंगे असतात. त्या विकाराचे नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. बोलीभाषेत 'पीसीओएस' किंवा 'पीसीओडी'.

हा विकार दुर्मिळ नाही. जगात प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे साधारणपणे एकीला तो असतो आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मुंबईत परळ येथील प्रजनन आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शहरातील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत एका निकषाने २२.५ टक्के, तर दुसऱ्या अधिक कडक निकषाने १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही निकषागणिक हे प्रमाण ७.२ पासून १९.६ टक्क्यांपर्यंत बदलते. आकड्यांतील ही तफावत बाजूला ठेवली, तरी साठ मुलींच्या वर्गात निदान चार-पाच जणींना हा त्रास असणार, हे उघड आहे. इतका सार्वत्रिक असलेला विकार अजूनही कुजबुजीचा विषय राहावा, आणि त्याची चर्चा झालीच तर ती 'हिला मूल होईल का' या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबावी, ही आपल्या समाजाच्या आरोग्यविचारातील मोठी उणीव म्हणावी लागेल.

नाव फसवे आहे

या विकाराबद्दलच्या गैरसमजांचा उगम त्याच्या नावातच आहे. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. या स्त्रियांची पाळी बंद होती आणि त्यांचे बीजकोश फुगून त्यांत बारीक बारीक पोकळ्या दिसत होत्या. शस्त्रक्रिया करून बीजकोशाची पाचरीसारखी फोड काढून टाकल्यावर सर्वांची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. त्यामुळे दोष बीजकोशात आहे आणि त्यावरचा उपायही तेथेच आहे, अशी समजूत रूढ झाली व पुढील कित्येक वर्षे ती टिकली.

आज ही समजूत अपुरी ठरली आहे. सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या त्या पोकळ्या रूढ अर्थाने गाठी नसतातच. दर महिन्याला बीजकोशात अनेक बीजपुटके वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जाते, पक्व होते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. या विकारात ती वाढ मध्येच थबकते. पुढे न गेलेली, दोन ते नऊ मिलिमीटर व्यासाची ही पुटके बीजकोशाच्या कडेने साचून राहतात. ती विकाराचा परिणाम आहेत, कारण नव्हे.

कारणाचा शोध घेताना संशोधकांना बीजकोशाच्या बाहेर जावे लागले. १९८० साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले, की या स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकांबरोबर इन्शुलिनचेही प्रमाण जास्त असते. पुढील संशोधनाने या दोहोंचे नाते उलगडले. शरीरातील स्नायू आणि यकृत इन्शुलिनला नीट दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन तयार करते. रक्तशर्करा काही काळ ताब्यात राहते खरी, परंतु हे वाढलेले इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त प्रमाणात तयार करण्यास उद्युक्त करते. शिवाय ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात बनते, त्याचे उत्पादनही इन्शुलिनमुळे घटते. परिणामी मोकळ्या पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण आणखी वाढते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या संदेशांचा तोलही बिघडलेला असतो. पुरुषी संप्रेरकांमुळे मुरमे व केस, थबकलेल्या बीजपुटकांमुळे अनियमित पाळी, आणि इन्शुलिनच्या अतिरेकामुळे मानेवरची ती काळसर, मखमलीसारखी त्वचा, असा हा एकाच साखळीचा पसारा आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई, मावशी वा बहिणीला हा त्रास किंवा घरात मधुमेह असणे ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची ठरते.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ साली बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने तर हे नावच बदलावे, अशी शिफारस केली. कारण बीजकोशाकडे बोट दाखविणारे नाव रोगी आणि डॉक्टर या दोघांचेही लक्ष संपूर्ण शरीरावरून उडविते. ही शिफारस केवळ शब्दच्छल नव्हती. ज्या स्त्रियांना हा विकार आहे त्यांना मधुमेहाचा आणि गरोदरपणातील मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, रक्तातील चरबीचा बिघाड, नैराश्य आणि चिंता यांचेही प्रमाण त्यांच्यात अधिक आढळते. महिनोन् महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्याच्या कर्करोगाची शक्यता वाढते. ही शक्यता एकंदरीत कमीच असली, तरी ती टाळता येण्याजोगी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

निदानाची घाई आणि निदानाची दिरंगाई

निदानाच्या बाबतीत आपल्याकडे दोन परस्परविरोधी चुका एकाच वेळी घडत आहेत. एकीकडे असंख्य स्त्रियांचे निदान होतच नाही. दुसरीकडे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या एका सोनोग्राफीवरून तिच्या कपाळी 'पीसीओडी' हा शिक्का कायमचा मारला जातो.

२००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित बीजनिर्मिती, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र. म्हणजेच पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची आवश्यकताच नाही. आणि केवळ सोनोग्राफीत पुटके दिसली, तर तेवढ्याने हा विकार सिद्ध होत नाही. थायरॉईडचा बिघाड, प्रोलॅक्टिनचे आधिक्य यांसारखी दुसरी कारणे मात्र आधी वगळावी लागतात. २०२३ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी किशोरवयीन मुलींसाठी अधिक सावध भूमिका घेतली आहे. त्यांच्यात पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य या दोन्ही गोष्टी असाव्याच लागतात. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असेही ही तत्त्वे सांगतात. कारण त्या वयात अनेक पुटके दिसणे हे निसर्गक्रमालाच धरून असते.

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु तीन वर्षांनंतरही दोन पाळ्यांत पस्तीस दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, वर्षातून आठ वेळाही पाळी येत नसेल, किंवा पहिल्या वर्षानंतर कधीही ती सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. कॅलेंडरवर तारखेभोवती पेन्सिलीने केलेली एक खूण या निदानाला महागड्या तपासण्यांइतकीच मदत करते. दुर्दैवाने ज्या घरांत पाळीची तारीख 'बाजूला बसण्या'पुरती काटेकोर पाहिली जाते, त्याच घरांत ती न आल्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

सडपातळ देह, स्थूल प्रकृती

हा विकार लठ्ठ मुलींनाच होतो, हा आणखी एक पक्का गैरसमज. तो दूर करण्यास पुण्यातील एक संशोधन उपयोगी पडण्यासारखे आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली होती. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरली. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या मातापोषणाच्या अभ्यासातही असेच दिसले होते. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील बाळांपेक्षा पुष्कळ कमी. तरीही त्यांच्या अंगावर स्नायूंच्या मानाने चरबी अधिक होती.

याचा अर्थ असा, की वजनाच्या काट्यावर किरकोळ दिसणारी मराठी मुलगीही आतून इन्शुलिनला दाद न देणारी असू शकते. म्हणूनच भारतीयांच्या बाबतीत वजनाचा निर्देशांक २५ ऐवजी २३ लाच अधिक मानावा आणि स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. सडपातळ मुलीला 'तुला काय धाड भरली आहे?' म्हणून परत पाठविणे आणि स्थूल मुलीला 'आधी वजन कमी कर, मग ये' म्हणून परत पाठविणे, ही दोन्ही सारखीच बेजबाबदार उत्तरे होत.

लग्न हे औषध नव्हे

या विकाराचे खरे ओझे शरीरापेक्षाही मनावर पडते आणि ते लादण्यात समाजाचा हात मोठा आहे. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' हा सल्ला आजही वडीलधारी माणसे देतात आणि काही दवाखान्यांतूनही तो ऐकू येतो. लग्नाने इन्शुलिनची क्रिया सुधारत नाही. त्याच घरात, त्याच तोंडाने 'स्थळाला यातले काही कळू देऊ नका' असेही बजावले जाते. मुलीला यातून दोन गोष्टी कळतात: आपल्यात काहीतरी खोट आहे आणि ती लपविली पाहिजे. मग औषधे चोरून घेतली जातात, अर्ध्यावर सोडली जातात, आणि लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही की सारा दोष तिच्या पदरात पडतो.

वास्तव इतके भीषण नाही. या विकारात गर्भधारणेला वेळ लागू शकतो; पण बहुसंख्य स्त्रियांना आपोआप किंवा साध्या उपचारांनी मूल होते. स्त्रीबीज पक्व होण्यासाठी आज प्रथम निवडले जाणारे औषध लेट्रोझोल हे आहे. २०१४ साली अमेरिकेत साडेसातशे स्त्रियांवर झालेल्या चाचणीत या औषधाने २७.५ टक्के जणींना मूल झाले. जुन्या क्लोमिफीन या औषधाने १९.१ टक्के जणींना. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यास बंदी घालण्यात आली होती. ती २०१७ मध्ये उठविण्यात आली. उलट, आपल्याला मूल होणारच नाही अशा समजुतीने निर्धास्त राहिलेल्या स्त्रियांना नको असताना गर्भ राहिल्याचीही उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक आहेत. सारांश, 'पीसीओएस म्हणजे वांझपण' हे समीकरण शास्त्राला मान्य नाही. जिला मूल नकोच आहे, जी अविवाहित आहे, किंवा जिची मुले मोठी झाली आहेत, तिलाही या विकाराच्या उपचारांची तितकीच गरज आहे, कारण तिचे हृदय, तिची रक्तशर्करा आणि तिचे मन यांचा मातृत्वाशी संबंध नाही.

समग्र विचार म्हणजे काय?

अलीकडे 'समग्र उपचार' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कुणी चूर्णाची बाटली त्या नावाने विकतो, तर कुणी 'औषधे सोडा, मुळापासून बरे व्हा' अशी द्वाही फिरवितो. शरीर, मन, दिनक्रम, औषध आणि भोवतालची माणसे यांचा एकत्र विचार करणे हाच त्या शब्दाचा प्रामाणिक अर्थ होय. हा विकार समूळ नाहीसा करणारे औषध आज कोणत्याही पॅथीकडे नाही. तो ताब्यात ठेवता येतो, आणि चांगला ताब्यात ठेवता येतो, एवढेच सत्य आहे.

प्रथम आहार. कोणताही एक विशिष्ट आहार इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, असे २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट म्हणतात. ही गोष्ट मराठी घराच्या सोयीचीच आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठले, वरण, पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, ताक, आणि चालत असेल तर अंडे वा मासळी, या ताटाला परदेशी बियांची वा महागड्या पिठांची ठिगळे लावण्याचे कारण नाही. अडचण ताटाच्या परंपरेत नाही; ती बदललेल्या ताटात आहे. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव, संध्याकाळी पुन्हा साखरेचा चहा आणि रात्री भाताचा डोंगर या क्रमात प्रथिने आणि चोथा नावालाच उरतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याची चिक्की खाणे हाही पिष्ट आणि साखर यांचाच उत्सव असतो. त्यातच घरातील बाई सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाते. तिच्या वाट्याला उसळीऐवजी उसळीचा रस्सा आणि भात येतो. आहार सुधारायचा तर तो एकट्या मुलीचा वेगळा डबा करून सुधारत नाही. सगळ्या घराचे ताट बदलावे लागते. मुलीला पथ्य आणि भावाला श्रीखंड ही शिक्षा झाली, उपचार नव्हे.

दुसरी गोष्ट व्यायाम. प्रौढ स्त्रीने आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. किशोरवयीन मुलीने रोज तासभर शरीराची हालचाल करावी, असे सांगितले जाते. वजन एका किलोनेही घटले नाही, तरी व्यायामाने स्नायूंची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारते. वजनकाटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडून देणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. योगासनांच्या बाबतीतही आता केवळ श्रद्धेवर विसंबण्याचे कारण नाही. आंध्र प्रदेशातील एका निवासी महाविद्यालयात नव्वद मुलींवर झालेल्या आणि २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा आठवडे रोज तासभर योगाभ्यास केलेल्या मुलींच्या संप्रेरकांत नुसता व्यायाम केलेल्या मुलींपेक्षा अधिक सुधारणा दिसली. चाचणी लहान होती. तिच्यावरून योगाला रामबाण ठरविणे चूक होईल, पण बिनखर्चाचा पूरक उपाय म्हणून त्याचे स्थान निश्चित आहे.

तिसरी गोष्ट झोप आणि मन. रात्री उशिरापर्यंत जागणे, सकाळी अपुऱ्या झोपेने उठणे आणि दिवसभर परीक्षेचा वा नोकरीचा ताण, यांनी इन्शुलिनचा तोल आणखी बिघडतो. या विकारात नैराश्य आणि चिंता यांची चौकशी उपचारांचा भाग म्हणून व्हावी, असा स्पष्ट निर्देश तज्ज्ञांनी दिला आहे. हनुवटीवरच्या केसांमुळे वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागलेल्या मुलीला पाळीची गोळी देऊन पाठविणारा डॉक्टर अर्धाच उपचार करीत असतो.

औषधांची भीती आणि औषधांचा मोह

औषधांच्या बाबतीत आपल्याकडे एक विलक्षण विसंगती दिसते. गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला किंवा घरच्या कार्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जातात. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घेण्याचीही गरज कुणाला वाटत नाही. परंतु पाळी नियमित व्हावी, मुरमे व केस आटोक्यात यावेत आणि गर्भाशयाच्या अस्तराचे संरक्षण व्हावे म्हणून डॉक्टरांनी गर्भनिरोधक वर्गातील गोळी लिहून दिली, की 'अविवाहित मुलीला ही गोळी?' म्हणून घर हादरते. देवापुढची अडचण टाळण्यासाठी जे चालते, ते मुलीच्या आरोग्यासाठी चालत नाही! या गोळ्यांनी कायमचे वंध्यत्व येते, ही समजूत निराधार आहे. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी, धूम्रपान यांचा विचार करूनच त्या द्याव्या लागतात. आणि म्हणूनच त्या दुकानदाराच्या नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या असतात.

मेटफॉर्मिन या औषधाने इन्शुलिनची कामगिरी सुधारते. सुरुवातीला त्याने पोट बिघडते, आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारी घरांत हे जीवनसत्त्व मुळातच कमी असल्याने त्याची तपासणी आवश्यक ठरते. या औषधाची कथा 'वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक' असे मानणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. त्याचे मूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या एका झुडपात आहे. त्या झुडपातील द्रव्य जसेच्या तसे विषारी ठरले; त्याच्याशी नाते असलेले सौम्य रसायन प्रयोगशाळेत घडविले गेले, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहावर त्याचा उपयोग दाखवून दिला. वनस्पतीत गुण असतो हे खरे. पण तो पारखून, मोजून घ्यावा लागतो.

आयुर्वेदाच्या दिनचर्येत आणि ऋतुचर्येत वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि नित्य व्यायाम यांवर जो भर आहे, तो या विकारात मोलाचाच आहे. परंतु त्या शास्त्राच्या नावावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीबद्दल हे म्हणता येत नाही. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीत सुमारे एक-पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. पुढे आई होऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या शरीरात शिसे साठू देणे याला समग्र उपचार म्हणता येणार नाही.

शाळा, कचेरी आणि सरकार

व्यायाम करा, वेळेवर जेवा, ताण घेऊ नका, असा उपदेश करणे सोपे आहे. प्रश्न असा, की तो पाळण्याची सोय समाजाने मुलीसाठी केली आहे काय? दहावीच्या वर्षात शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला जातो आणि त्याबद्दल पालकही शिक्षकांचे आभार मानतात. शाळेच्या मैदानावर मुलगे क्रिकेट खेळतात. मुली कडेला उभ्या राहतात. स्पर्धापरीक्षेसाठी पुण्यात आलेली मुलगी अभ्यासिकेत बारा तास खुर्चीला खिळते आणि मेसच्या पोळी-बटाट्यावर दिवस काढते. कचेरीतील कारकून बाई घर, लोकल आणि टेबल या त्रिकोणात अशी अडकते, की तिच्या वाट्याला स्वतःची अर्धी मोकळी तासभरही येत नाही. अशा स्थितीत 'जीवनशैलीचा आजार' हा शब्द वापरून सारा दोष तिच्या आळशीपणावर ढकलणे अन्यायाचे आहे. जीवनशैली निवडण्याचे स्वातंत्र्य असेल, तरच तिची जबाबदारी टाकता येते.

सुदैवाने येथे प्रचंड निधीची गरज नाही. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी सल्लाकेंद्रे काढण्यात आली. महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. किती शिक्षकांनी आपल्या विद्यार्थिनींना या केंद्रांचा पत्ता सांगितला आहे, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेपुरता विचारून पाहावा. शाळेतील वार्षिक आरोग्य तपासणीत एखाद्या परिचारिकेने एकांतात 'शेवटची पाळी कधी आली होती?' एवढा एक प्रश्न विचारला, मानेवरच्या त्वचेकडे एक नजर टाकली आणि रक्तदाब मोजला, तरी पुष्कळ निदाने वेळेवर होतील. त्यासाठी सोनोग्राफीचे यंत्र लागत नाही. ज्यांना विकार आहे त्यांची पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन केली जाणारी रक्तशर्करेची तपासणी दर एक ते तीन वर्षांनी व्हावयास हवी. ही साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयातही नेमाने होईल, अशी व्यवस्था करणे शासनाला अवघड नाही. परळच्या संशोधन संस्थेने स्त्रीरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ आणि समुपदेशक यांना एका छताखाली आणणाऱ्या दवाखान्याचा नमुना घालून दिला आहे. जिल्हा रुग्णालयांतून आठवड्याचा एक दिवस तरी तसा दवाखाना चालविता येईल. तेथे ही माणसे बहुधा असतातच, एकमेकांशी बोलत मात्र नाहीत.

शाळांनी करावयाची गोष्ट तर याहूनही सोपी आहे. शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला न देणे आणि आठवड्यातून काही दिवस मैदान मुलींसाठी राखून ठेवणे, एवढे केले तरी खूप झाले. विज्ञानाच्या शिक्षकाने प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचून या' म्हणून न उरकता वर्गात शिकविला, तर मुलींच्या कुजबुजीला शब्द मिळतील आणि मुलग्यांच्या कुचेष्टेला आळा बसेल. हे मुलगेच पुढे कुणाचे तरी पती, भाऊ आणि वडील होणार आहेत.

मधुमेहाला आपण रोग म्हणतो आणि मधुमेही माणसाला जपतो; त्याचे पथ्य सगळे घर सांभाळते. त्याच मधुमेहाच्या वाटेवर तरुणपणीच उभ्या असलेल्या मुलीला मात्र 'हिचे लग्नाचे कसे होणार' असे विचारतो. तिच्या शरीराने वीस-पंचवीस वर्षे आधी दिलेली ही सूचना आहे. ती ऐकली, तर पुढचे पुष्कळ आजार दूर ठेवता येतील. न ऐकल्यास त्याची किंमत तिला आयुष्यभर मोजावी लागेल आणि समाजालाही ती टाळता येणार नाही.